सहा तोंडं, एक गव्हाण

मारकी हा शब्द आमच्याकडे फार स्वस्त झाला आहे. गाईनं दुसरीला ढुशी दिली, मारकी. कालवडीला गव्हाणीवरून हाकललं, मारकी. दारात आडवी उभी राहिली, मारकी. एकदा हा शब्द चिकटला की त्या गाईचं पुढे काय होणार हे ठरलेलंच असतं. आधी काठी, मग गळ्यात लोढणं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर बाजार. मी या शब्दाच्या विरोधात लिहायला बसले आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या. असली एक गाय माझ्या कोठ्यात बारा वर्षं होती. तिचं शेण मी काढलं, तिच्या ढुशा मी खाल्ल्या आणि तिच्यावरून घरात जे भांडण झालं तेही मीच केलं.

भुरी तिचं नाव. रंगानं राखट पांढरी, म्हणून भुरी. गाव तिला पाटलीण म्हणे.

माझं माहेर कठाणी नदीच्या काठचं, गडचिरोलीकडचं. सासर सिंदेवाही तालुक्यात. मधे वैनगंगा. माझ्या लहानपणी हा सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता, म्हातारी माणसं त्याला चांदाच म्हणत. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, तरी सोयरिकी नदीच्या अलीकडे-पलीकडे होतच राहिल्या. लग्नात बाबांनी मला एक गाय आंदण दिली. भुरी ही तिची नात. अंगानं लहान, पण पायाची काटक. धानाच्या बांधीतला गुडघाभर चिखल असो की रानातली दगडी वाट, तिचा खूर अडत नसे. तणस आणि रानातला चारा एवढ्यावर ती जगे. दूध दोन वेळचं मिळून दीड-दोन लिटर. या आमच्या गाईला कालपर्यंत सगळे ‘गावठी’ म्हणत. २०२३ साली ‘कठाणी’ ही वेगळी जात म्हणून तिची देशपातळीवर नोंद झाल्याची बातमी आली. माझ्या माहेरच्या नदीचंच नाव. बातमी वाचून मी हसले. गाईला नाव मिळालं, आता तिचा स्वभाव कुणी समजून घेतला म्हणजे झालं.

स्वभावाची पहिली गोष्ट मी माहेरी शिकले, पण ती शिकले आहे हे कळायला वीस वर्षं गेली. आमच्या बाबांकडे एक काळी गाय होती. ती कुणालाच गव्हाणीवर उभं राहू देत नसे. लोकांच्या सांगण्यावरून बाबांनी ती विकली. घरात सगळ्यांना वाटलं, आता कोठा शांत होईल. पंधरा दिवस झाले नाहीत तोच गंगी नावाची गाय, जी तोवर मान खाली घालून कोपऱ्यात उभी राहायची, तीच बाकीच्यांना ढुशा देऊ लागली. आजी म्हणाली, “हे त काळीचीच सावली हाय.” ती सावली नव्हती. काळीची जागा रिकामी झाली होती, आणि कळपात ती जागा रिकामी राहत नाही. काळीला विकून बाबांनी फक्त पाटलीण बदलली.

गाय ही उतरंडीनं राहणारी जात आहे. शंभर वर्षांपूर्वी, १९२२ च्या सुमारास, नॉर्वेतल्या एका अभ्यासकानं कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचते याची नोंद करून ही उतरंड पहिल्यांदा नीट लिहून काढली. गाईंचंही तसंच. वय, अंग, शिंगं आणि कळपात किती वर्षं काढली यावरून कोण वरची नि कोण खालची हे ठरतं. ठरेपर्यंत ढुशा चालतात. एकदा ठरलं की वरच्या गाईनं नुसती मान फिरवली तरी खालची बाजूला होते. म्हणून ज्या कळपात उतरंड पक्की असते तिथं भांडणं उलट कमी असतात. भांडण वाढलेलं दिसलं तर दोनच गोष्टी बघायच्या. कळपात कुणी नवीन आलं आहे का? आणि खायची जागा कमी पडते आहे का?

आमच्याकडे त्या साली दोन्ही होतं.

मृगाच्या आधी आम्ही बैलबाजारातून एक गाय आणली. तांबूस, पहिल्या वेताची, खाली बघत चालणारी. तांबीच म्हणायचो तिला. बाजारातून थेट घरी आणली, रात्री कोठ्यात नेली आणि भुरीच्या शेजारी बांधली, कारण तेवढीच जागा रिकामी होती. ती उपाशी होती, एकटी होती आणि पहिल्याच रात्री पाटलिणीच्या शिंगाच्या टप्प्यात होती. आज मी हे कुणालाही करू देणार नाही. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही.

भुरीनं तिला एक दिवस सुखानं खाऊ दिलं नाही. सकाळी चारा टाकला की सहाही जनावरं एकदमच धावत, कारण गाईंना सोबतीनं खायची सवय असते. एकीनं तोंड घातलं की दुसरीला थांबवत नाही. भुरी मधे उभी राही, डावीकडे एक ढुशी, उजवीकडे एक. चांदी आणि कपिली तिच्या ओळखीच्या, त्या बाजूनं तोंड घालत. म्हातारी लाली शेवटी येई, पण येई. कालवड आणि तांबी मात्र मागे उभ्या. त्यांची पाळी येईपर्यंत गव्हाणीत कडक काड्या उरलेल्या. मी काय करी? काठी घेऊन भुरीला दोन रट्टे देई. रट्टा खाल्लेली भुरी वळून चांदीला ढुशी देई, चांदी कपिलीला, आणि शेवटची ढुशी तांबीच्या बरगडीत बसे. मार कळपात कुठून आला तरी खाली खालीच उतरत जातो. काठीनं मी पाटलिणीला शिस्त लावत नव्हते, तांबीला मारत होते. हे कळायला मला एक गाय गमवावी लागली.

पोळ्याला आठ दिवस होते. रोवणी आटोपली होती. दिवेलागणीला गायकी गुरं घेऊन आखरावर आला. गायकी म्हणजे गावची ढोरं रानात नेऊन राखणारा माणूस. ज्याची-त्याची जनावरं ज्याच्या-त्याच्या वाटेनं घरी पळाली. आमची पाच आली, तांबी नव्हती. रात्री कुणी शोधायला जाण्यासारखं आमचं रान नाही. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. पण वाघ काही पाटी वाचून थांबत नाही. प्रकल्पाच्या बाहेर, ब्रह्मपुरीकडच्या जंगलात, गावाला लागून तो राहतोच, आणि आता तर वैनगंगा ओलांडून वडसा-आरमोरीकडंही दिसतो. सकाळी तांबी नाल्याजवळ सापडली. वनरक्षक आला, पंजे मोजले, फोटो काढले, पंचनामा झाला. भरपाई बाजारभावाच्या हिशेबानं मिळते, तीही पूर्ण नाही, पंचाहत्तर टक्के आणि वर कमाल मर्यादा. तांबीची किंमत एका रकान्यात लिहून झाली.

संध्याकाळी ओसरीवर निकाल लागला. आमच्याकडे भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बाईनं समोरासमोर बोलायची रीत नाही. तेही माझ्याशी बोलत नाहीत, भिंतीला सांगावं तसं सांगतात. ते म्हणाले, “थ्या भुरीपायी गेली ते. आज एक घालवली, उद्या दुसरीले घालवन. मारकी ठेवाची नाई आता.” आमचे हे मान डोलावून गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, भुरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाचशे रुपये इसार देऊन गेला. पोळा झाला की गाय न्यायची.

आता माझा पहिला झगडा इथं आहे. कोठ्यातलं शेण बाई काढते. चारा बाई टाकते, पाणी बाई दाखवते, दूध बाई काढते. कुठली गाय कुठली आधी खाऊ देते आणि कुठलीला देत नाही हे बाईच्या डोळ्यासमोर रोज दोनदा घडतं. पण गाय ठेवायची की विकायची हे ओसरीवर ठरतं, आणि ओसरीवरून गव्हाण दिसत नाही. निकाल देणाऱ्यांपैकी कुणीही त्या तीन महिन्यांत एकदाही चारा टाकायच्या वेळी कोठ्यात उभा नव्हता. मला निकाल मान्य नव्हता. पण खरं सांगते, तेव्हा माझ्याकडे उत्तरही नव्हतं. मलाही वाटत होतं की भुरीमुळेच गेली.

उत्तर गायक्यानं दिलं. मी त्याला धान द्यायला गेले आणि विचारलं, तांबी मागे कशी राहिली? तो म्हणाला, “बाई, थे भुरीच्या भेवानं मांगं नाई राहे. थे भुकेनं मांगं राहे. सांज झाली का बाकीची ढोरं घराकडं पयत, काहून त घरी चारा हाय. तांबीले घरी काय होतं? शिंगं. मंग नाल्याचं गवत सोडून थे कायले येईन?”

मी घरी आले ती थेट कोठ्यात गेले आणि हातानं गव्हाण मोजली. साडेचार हात. म्हणजे पावणेसात फूट. एका मोठ्या जनावराला तोंड घालायला दोन ते अडीच फूट जागा लागते, शिंगं रुंद असतील तर त्याहून जास्त. सहा जनावरांना पंधरा फूट. आमची गव्हाण पावणेसात. सासऱ्यांनी ती बांधली तेव्हा घरात दोन गाई होत्या. पुढे गाई वाढल्या, गव्हाण तेवढीच राहिली. तीन जनावरांच्या जागेवर आम्ही सहा तोंडं सोडली आणि जी सगळ्यात खमकी होती तिनं आपली जागा राखली. ती भुरी नसती तर चांदी असती. गव्हाणीच्या लांबीचा गुन्हा आम्ही गाईच्या शिंगाला बांधत होतो.

रात्री भासरे जेवायला बसले असताना मी सासूबाईंना म्हणाले, “आई, गाय पंधरा दिवस राहू द्या म्हणावं. इसार मी परत करते.” सासूबाईंनी तेच वाक्य त्यांना ऐकवलं, जसं काही त्यांना ऐकू गेलंच नव्हतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. इसार परत करणं म्हणजे घराचा शब्द मागे घेणं, हे मला ठाऊक होतं. शेवटी ते म्हणाले, “पंधरा दिस. सोळावा नाई.” मोहफुलं विकून गाठीला ठेवलेले पैसे होते. त्यातले पाचशे मी स्वतः नेऊन दिले. व्यापारी हसला. म्हणाला, “ठेवा बाई. पोळ्यानंतर तुम्हीच बोलावसान.”

पुतण्यानं निळे प्लास्टिकचे दोन ड्रम आणले, उभे कापले, कडा तापल्या लोखंडानं बोथट केल्या. चार अर्धे झाले. दगड लावून ते अंगणात मांडले, एकापासून दुसरा दोन गाईंच्या लांबीइतका दूर. जुनी गव्हाण धरून आता पाच जनावरांना सहा-सात जागा झाल्या. पहिल्या दिवशी भुरीनं खूप धावपळ केली. या ड्रमावरून त्या ड्रमावर, सगळ्यांना हाकलत. पण एक जनावर एका वेळी सगळीकडे उभं राहू शकत नाही. ती इकडे आली की कालवड तिकडे सरके. चौथ्या दिवशी भुरी थकली. कोपऱ्यातला एक ड्रम तिनं आपला मानला आणि तिथंच खाऊ लागली. दहा दिवसांनी कालवडीच्या डाव्या कुशीचा खळगा भरला होता. सांजेला ती आता सगळ्यांच्या मागे नाही, मधे चालत येई.

सोळाव्या दिवशी भासरे सकाळीच अंगणात आले, चारा टाकेपर्यंत उभे राहिले, बघितलं आणि शेतावर निघून गेले. व्यापाऱ्याला निरोप गेला नाही.

माझ्या या सांगण्यातून भुरी फार गुणाची होती असा अर्थ कुणी काढू नये. नंतर गावात काही लोक म्हणू लागले की अशी खमकी गाय असली की वाघ कळपाजवळ येत नाही, तीच कळपाला घरी आणते. हेही मला मान्य नाही. आमच्या कळपात पुढे चालायची ती म्हातारी लाली, जिला कुणीच भीत नसे. तिला वाट माहीत होती, म्हणून बाकीच्या तिच्या मागे जात. भुरी मधे चाले. खाताना पुढे आणि वाटेत पुढे ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकाच गाईकडे असतात असं नाही. पुतण्यानं एकदा मोबाइलवर दाखवलं, स्वित्झर्लंडच्या डोंगरात एरांस नावाच्या गाई आहेत, त्यांच्या ढुशांचे सामने भरतात आणि जिंकणारीला राणी म्हणतात, तिची किंमत वाढते. म्हणजे तोच स्वभाव, तिथं हार आणि इथं लोढणं. मला दोन्ही नको. भुरी राणी नव्हती आणि चांडाळीणही नव्हती. ती गाय होती, आणि तिला आपलं पोट भरायचं होतं.

लोढण्याबद्दल तर मला ठणकावून सांगायचं आहे. गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवला की गाय पळू शकत नाही, पायात अडखळते, म्हणून दांडगाई करत नाही, असा हिशेब. इतर मुलखात तो चालत असेल. आमच्या रानात लोढणं घातलेली गाय म्हणजे वाघासमोर बांधून ठेवलेली गाय. मान आणि पुढचा पाय दोरीनं जखडणं हेही तेच. ज्या रानात जगायला पळावं लागतं, तिथं पळणं काढून घेणं ही शिस्त नाही.

मग करायचं काय? मी जे केलं आणि करते ते सांगते. खायच्या जागा जनावरांपेक्षा एकानं जास्त ठेवायच्या. ड्रमाला पैसे नसतील तर तणसाचे ढीग अंगणात दूरदूर टाकायचे, त्याला एक पैसा लागत नाही. मिठाचा खडा आणि पाण्याची टाकीही दोन ठिकाणी. खमकी गाय दाराजवळ बांधायची नाही, ओळीच्या टोकाला बांधायची, आणि तिच्या शेजारी तिच्या ओळखीची गाय. सोडताना तिला आधी सोडायचं, म्हणजे ती दारात आडवी होऊन मागच्यांना चेपत नाही. कोपरा असा नको जिथून पळायला वाट नाही, कारण खालची गाय मार खाते ती शिंगामुळे कमी आणि कोपऱ्यामुळे जास्त.

नवीन जनावर आणलं तर आठ दिवस आडव्या बल्ल्यांच्या पलीकडे ठेवायचं, एकमेकींना बघू, हुंगू द्यायचं. मग दिवसा, पोट भरलेलं असताना, मोकळ्या बांधीत एकत्र सोडायचं. जमलं तर एकटं आणायचं नाही, जोडीनं आणायचं. गाभण आणि नुकतीच व्यालेली वेगळी खाऊ घालायची, बरगडीतली एक ढुशी गाभ पाडू शकते. शिंगाचं टोक अणकुचीदार असेल तर जाणत्याकडून नुसतं टोक बोथट करून घ्यायचं किंवा बैलांना घालतो तशा शेंब्या घालायच्या. शिंग खोलवर कापायचं नाही, आत रक्त आणि शीर असते. आणि रोज सांजेला प्रत्येक जनावराची डावी कूस बघायची. शेवटच्या बरगडीमागचा खळगा भरला असेल तर ती जेवली. खोल असेल तर तुमच्या कोठ्यात कुणीतरी तिला जेवू देत नाही, आणि त्याचा बंदोबस्त तुमचं काम आहे, तिचं नाही.

यावर लोक म्हणतात, मग खरंच मारकी गाय नसतेच का? असते. जी गाय माणसावर, पोराबाळांवर चालून येते ती वेगळी बाब आहे. पण तिथंही आधी विचारा. वासरू जवळ आहे का? माजावर आहे का? डोळा गेला आहे का, की बाजूनं कुणी आलं म्हणून दचकते? कुठं दुखतं आहे का? आणि गरीब गाय एकाएकी अंगावर यायला लागली, लाळ गळायला लागली, हंबरणं बदललं, तर तोंडात हात घालू नका, दूध काढू नका, लागलीच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. पिसाळलेलं कुत्रं चावलेली गायही असंच करते. रेबीज काठीनं जात नाही. एवढं सगळं बघून झाल्यावर उरलेली जी खरोखर माणसाला मारणारी गाय, ती मी माझ्या उभ्या हयातीत एक बघितली. मारकी म्हणून बाजारात गेलेल्या मात्र हाताच्या बोटांवर मावत नाहीत.

आणि बाजारात जाऊन काय होतं? विकणारा खोड सांगत नाही. नेणाऱ्याच्या कोठ्यात ती पुन्हा नवी, पुन्हा ढुशा, पुन्हा तेच नाव. दोन-तीनदा हात बदलले की तिला पाळायला नेणारा कुणी उरत नाही. राज्यात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण चौथ्या बाजारातून ती कुठं जाते हे विचारायला कुणी जात नाही. गळ्यात हार घालून गाईची पूजा करायची आणि पाचशेच्या इसारावर तिला वाटेला लावायची, या दोन गोष्टी एकाच ओसरीवर होताना मी बघितल्या आहेत.

शहरातल्या माणसांशीही माझं थोडं भांडण आहे. ताडोबा बघायला येणारे लोक वाटेत गुरं दिसली की गाडी थांबवून फोटो काढतात. गाय किती शांत, किती मायाळू म्हणतात. एकदा एक बाई आमच्या अंगणात आल्या होत्या. भुरीनं चांदीला ढुशी दिलेली बघून त्यांना धक्काच बसला. म्हणाल्या, “गायसुद्धा अशी वागते?” बाई, गाय अशीच वागते. तिला तुम्ही देवी केली म्हणून तिचा स्वभाव जात नाही, आणि तो दिसला की तुमची भक्ती उडते. एक जण तिला देवी म्हणतो, दुसरा मारकी. गव्हाण किती फुटांची आहे हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. योजनेतून गाई वाटताना कागदावर गाईची किंमत असते, विमा असतो, कानात बिल्ला असतो. घरी आधीच किती तोंडं आहेत आणि ती खातात कुठं, हा रकाना मी अजून कुठल्या कागदावर बघितला नाही.

मला कुणी म्हणेल, एवढी जागा, एवढे ड्रम, हे परवडणाऱ्यांचं झालं. मी हिशेब मांडला आहे. दोन ड्रम, पुतण्याचा अर्धा दिवस. दुसऱ्या बाजूला एक पहिल्या वेताची गाय, तिचं पोटातलं वासरू धरून पुढची सगळी वेतं, आणि भरपाईसाठी घातलेल्या खेपा. गरिबालाच हे जास्त परवडायला हवं, कारण गरिबाची एक गाय गेली की निम्मा कोठा जातो.

भुरी गेल्या वर्षी म्हातारपणानं गेली. शेवटची दोन वर्षं तिची पाटीलकी उतरली होती. दात झिजले, अंग सुटलं, आणि जिला ती एके काळी गव्हाणीजवळ फिरकू देत नसे ती कालवड, आता दोन वेतांची गाय, तिनं एका सकाळी भुरीला कोपऱ्यातल्या ड्रमावरून हाकललं. भुरी थोडा वेळ उभी राहिली, बघत राहिली. मग हळूहळू चालत शेवटच्या, कुंपणाजवळच्या ड्रमाकडे गेली. तिथं कुणी नव्हतं. मी तिच्यापुढे कोंडा टाकला. ती शांतपणे खात राहिली. तांबीला अशी जागा असती तर तीही अशीच खात राहिली असती, एवढं मात्र त्या वेळी मनात आल्यावाचून राहिलं नाही.

परवा शेजारचा पोरगा आला. म्हणाला, “काकू, आमची लाली मारकी निघाली न. बाबा विकतो म्हणते.” मी त्याच्या हातात दोरी दिली आणि म्हटलं, “आधी तुमची गव्हाण मोजून ये. मग ढोरं मोजून ये. मग बोलू.”